अकरा वर्षं न उघडलेली पेटी

धुकं एवढं दाट होतं की कुंपणापासचं तिसरं झाड दिसत नव्हतं. आदल्या दिवशी सफरचंदाच्या बागेत फवारा मारला होता, आणि औषधाचा गोडसर, नाकाच्या शेंड्याला चिकटणारा वास त्या धुक्यात अडकून बसला होता. वाटीमामानं स्वेटरच्या खिशातून कडा चेपलेली स्टीलची वाटी काढली, बाहीला पुसली आणि पहिल्या मधपेटीपुढे उकिडवा बसला.

बावीस पेट्या बागेच्या कुंपणाला लागून ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकीपुढे जुन्या चादरीचा पांढरा तुकडा, चारी कोपऱ्यांवर दगड. माश्यांच्या घरात मढं ठेवायची पद्धत नाही. आत कोणी मेलं की जिवंत माश्या त्याला ओढत दारापर्यंत आणतात आणि बाहेर लोटून देतात. ती मेलेली माशी कापडावर पडते. मामा ती ब्रशनं गोळा करायचा, वाटीत भरायचा, वरून बोटानं सपाट करायचा आणि वहीत लिहायचा: तारीख, पेटीचा नंबर, किती वाट्या. या उद्योगापायी त्याचं खरं नाव लोक विसरून गेले. पोस्टमनसुद्धा पाकीट देताना म्हणायचा, "वाटीमामा, सही करा."

त्या सकाळी पहिली पेटी दीड वाटी. दुसरी सव्वा. तिसरीपुढे तर कापड दिसतच नव्हतं. काही माश्या अजून मेल्या नव्हत्या. पाठीवर पडून, जीभ बाहेर काढून, एकाच जागी गरगर फिरत होत्या. मामा अशा माश्या वाटीत घेत नसे. त्या थांबेपर्यंत तो थांबायचा.

नियमानं फवारा फुलं झडल्यावरच मारायचा असतो, आणि बागवाले नियमानंच मारत. पण झाडाची फुलं झडली तरी झाडाखालचं गवत फुललेलं असतं, आणि माशीला काही वरचं खालचं कळत नाही. दर वर्षी हे असंच व्हायचं. दर वर्षी मामा मोजायचा.

शेवटच्या, बाविसाव्या पेटीपाशी पोचायच्या आधीच त्यानं तोंडावर जाळी ओढली. तिचं नाव होतं सासू. हे नाव मामाच्या थोरल्या बहिणीनं ठेवलेलं. ताई नवरा गेल्यापासून मुलीला घेऊन भावाकडेच राहायला आली होती, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पेटीनं तिच्या पापणीला प्रसाद दिला. सुजलेला डोळा उघडायला चार दिवस लागले. तेव्हा ताई म्हणाली होती, माझी सासू मेली तेव्हा वाटलं सुटले, ही बघा इथे येऊन बसलीय.

सासूपुढच्या कापडावर वाटीचा तळ जेमतेम झाकला जाईल एवढ्या माश्या होत्या. मामानं 'पाव' असं लिहिलं, आणि कपाळावर गोळ्यासारखी आदळलेली एक जिवंत माशी जाळीवरून झटकून मागे सरला. पाव का, हा प्रश्न त्याला पडला नाही. अकरा वर्षांत कधीच पडला नव्हता.

तेवढ्यात धुक्यातून बागेचे मालक, बागवाले, आले. चेहरा असा की शेजारचा कुत्राही भुंकायचा विसरला. काल संध्याकाळी फवारणीवाला पंप धुऊन कुंपणाकडून घरी निघाला होता, आणि सासूच्या माश्यांनी त्याला मानेवर गाठला. नऊ काटे. गळा सुजला, श्वास घशातच अडकला, उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी सुई टोचली म्हणून जगला. बागवाले तसे शिवराळ माणूस, पण त्या सकाळी त्यांनी आवाज चढवला नाही, आणि मामाला त्याचीच जास्त भीती वाटली.

"पुढचा फवारा सहा आठवड्यांनी," ते म्हणाले. "त्या दिवशी ही पेटी इथे दिसता कामा नये. दिसली तर सगळ्या बावीस उचल."

मामानं मान हलवली. वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. माणूस मरता मरता वाचला होता. पेटी दुसरीकडे न्यावी म्हटलं तर जागा कुठली? घरामागे शाळेचा रस्ता, घरावर गच्ची नाही. भाचीच्या संशोधन केंद्रात विचारलं, तर तिथल्या साहेबांनी सांगितलं की आमच्याकडे रोज माणसं येतात, असली आग आम्ही पदरात घेणार नाही. तेव्हा सासूला गंधकाची धुरी देऊन संपवायची, एवढंच उरलं.

मामा मधपाळ नंतर झाला. त्याआधी तीस वर्षं तो पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होता. दर तासाला मीटर वाचायचा, वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहायचा. पंपघराची भिंत एकदा फोडावी लागली तेव्हा आत माश्यांचं हे घराणं निघालं. बाकीचे फवारा आणायला धावले. मामानं खोकं आणलं. निवृत्तीनंतर त्यानं गरीब स्वभावाच्या एकवीस पेट्या आणखी आणल्या, आणि दर वसंतात त्यांच्यासाठी दुरून, एका नावाजलेल्या मधपाळाकडून, शांत वळणाच्या नव्या राण्या मागवायला लागला. पुस्तकात तसंच लिहिलेलं: राणी दरसाल बदलावी, पेटी जोमात राहते. मधही पूर्ण काढायचा आणि बदली साखरेचं पाणी ठेवायचं. एकवीस पेट्यांना त्यानं पोटच्या पोरींसारखं सांभाळलं. सासूला हात लावायची मात्र त्याची छाती झाली नाही. पहिल्याच वसंतात धावत जाऊन पेटीच्या डोक्यावर तीन रिकामे मजले चढवले, झाकण लावलं आणि धावत परत आला, एवढाच त्या दोघांचा संबंध.

पंपघरात एक रीत होती. एखादी मोटार भंगारात निघाली की तिच्या सगळ्या आयुष्याचा एक कागद करायचा: कधी बसवली, किती तास चालली, कितीदा जळली. मग त्यावर सही करायची आणि मोटार ट्रकवर चढवायची. दुपारी जेवण झाल्यावर मामानं ठरवलं, सासूचाही कागद करू. निदान तेवढा मान तिचा आहेच.

त्यानं अकराही वह्या टेबलावर काढल्या आणि एक कोरा कागद घेतला. वहीत सगळं तारखेनं लिहिलेलं. एका पानावर एक दिवस, बावीस आकडे एकाखाली एक. त्यातला शेवटचा तेवढा उचलून तो कागदावर मांडू लागला. पहिल्या वर्षी फवाऱ्यानंतर दीड वाटी. दुसऱ्या वर्षी दोन. त्या वर्षी सासू मरायलाच टेकली होती, हे त्याला आठवलं. तिसऱ्या वर्षी सव्वा. मग एक, एक, पाऊण, एक, अर्धी, अर्धी, पाव. आणि आज सकाळची पाव.

मामानं चष्मा पुसला. मग पहिल्या पेटीचा कागद केला. दीड, सव्वा, दीड, दोन, दीड. अकरा वर्षं जिथल्या तिथे. सातवीचा केला, चौदावीचा केला. तेच. ताईनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली, तिनं तो परत नेऊन गरम केला, पुन्हा साय धरली. शेवटी ती म्हणाली, "काय मेलंय त्या वह्यांत?"

"मेलं नाही," मामा म्हणाला. "तेच तर."

तीस वर्षांची सवय नडली होती. मीटर वाचणारा माणूस पान आडवं लिहितो आणि उलटतो. उभं कधी वाचत नाही. अकरा वर्षं एक पेटी त्याच्या डोळ्यांसमोर विष पचवायला शिकत होती, आणि तो दर वर्षी ते स्वतःच्या हातानं लिहून वही मिटत होता.

संध्याकाळी भाची केंद्रातून आली. तिचं कामच कीटकनाशकांचं. कागद बघून ती आधी हुरळली नाही. मामा, कदाचित सासूच्या माश्या त्या बागेत जातच नसतील, म्हणाली. कदाचित मेलेल्या बाहेरच पडत असतील. वाटी काही खोटं बोलत नाही, पण सगळंही सांगत नाही. खात्री करायची तर बाटलीत करावी लागेल.

दुसऱ्या दिवशी तिनं चार पेट्यांच्या दारातून वीस-वीस माश्या नळीनं ओढून जाळीच्या बाटल्यांत घेतल्या. चारही बाटल्यांना साखरेचं पाणी, त्यात त्याच औषधाचा मोजून तेवढाच अंश. बाटल्या केंद्रातल्या उबदार कपाटात ठेवल्या. दोन दिवस मामा घरात असा फिरत होता जणू भाचीचा निकाल लागायचाय. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला केंद्रात बोलावलं आणि बाटल्या ओळीनं मांडल्या. पहिलीत चार जिवंत, दुसरीत सहा, तिसरीत पाच. चौथीत तेरा. त्या तेराही जणी जाळीवर बसून बाहेर बघत होत्या, आणि मामानं बोट जवळ नेताच एकीनं जाळीतून काटा काढला.

"सासूच," मामा म्हणाला.

मग भाचीनं त्याला समजावलं. माशीच्या अंगात म्हणे अगदी बारीक कामगार असतात. फुलापानांत कडू, विषारी असं पुष्कळ असतंच, ते फोडून निकामी करणं हे त्यांचं पिढीजात काम. शेतकऱ्याचं औषध आलं तेव्हा ते त्यालाही भिडले. सगळ्याच माश्यांत ते असतात, पण कुठल्या घराण्यात कमी, कुठल्यात जास्त. एक माशी काही शिकत नाही; ती बिचारी सहा आठवड्यांत मरते. शिकतं घराणं. फवाऱ्यात ज्या राणीची लेकरं जास्त मेली ती पेटी दुबळी होते, बुडते. जिची कमी मेली ती तगते, आणि म्हातारी झाली की तिच्याच एका मुलीच्या हाती घर जातं. दर पिढी चाळणीतून जाते.

"मग माझ्या बाकीच्या एकवीस?"

भाची जरा घुटमळली. "त्यांना तू दर वर्षी नवी राणी आणून दिलीस, मामा. चाळलेलं पीठ टाकून दर वर्षी नवं पोतं उघडलंस."

मामा स्टुलावर बसला. ज्या एकवीस पेट्यांची त्यानं काळजी घेतली त्यांना त्यानं कधी शिकू दिलं नाही. ज्या एका पेटीला भ्याला, ती शिकली. त्याला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याहून मोठं काहीतरी छातीत भरून आलं होतं, त्याला काय म्हणावं ते त्याला कळेना. तीस वर्षं त्यानं माणसांनी बनवलेली यंत्रं ऐकली होती. कुठल्याही मोटारीनं जळता जळता स्वतःला दुरुस्त करून घेतलेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

भाचीला आता सासूच्या पोटातली पोळी हवी होती. म्हणजे पेटी उघडायला हवी होती.

ताईनं त्या सकाळी भावाच्या दोन पँटींचे पाय मोज्यांत खोचून वरून सुतळी बांधली, बाह्यांना रबर लावलं, आणि जाळीची शिवण स्वतः तपासली. तोंडानं मात्र म्हणत होती की तेरावं कोण घालणार, मला काही येत नाही. ऊन चांगलं वर आलं होतं, माश्या रानात गेल्या होत्या. मामानं हातातल्या धुराड्यातून तीन फुंका दारात दिल्या, शंभर आकडे मोजले आणि झाकण उचकटलं. माश्यांनी फटींत भरलेला अकरा वर्षांचा डिंक कडकन तुटला.

माश्या उठल्या. जाळीवर गारा पडाव्यात तशा आदळू लागल्या. भाची दोन पावलं मागे गेली. मामाचे हात मात्र चालत राहिले, कारण आत जे दिसत होतं त्यानं ते हात धरून ठेवले होते. वरचे तीन मजले मधानं ठासून भरलेले. कुणी कधी काढला नाही, म्हणून वर्षावर वर्षाचा मध, कुठे पाण्यासारखा, कुठे गुळासारखा काळा. खाली परागाच्या पट्ट्या: पिवळ्या, विटकरी, राखाडी, एक चक्क जांभळी. इतक्या रंगांचा पराग त्याच्या लाडक्या पेट्यांत त्यानं कधी पाहिला नव्हता; त्या बिचाऱ्या साखरेच्या पाण्यावर जगत होत्या. आणि अगदी मधल्या, म्हाताऱ्या काळ्या पोळ्यावर राणी होती. सडपातळ, डांबरी रंगाची, एका पंखाचं टोक फाटलेलं. गडबड नाही, घाई नाही. एकेका घरात डोकं घालून बघायची, मागे वळायची, अंडं ठेवायची, पुढच्या घराकडे जायची. डोक्यावर छप्पर नाही, भोवती धूर, आणि हिचं काम चालू.

मामा किती वेळ बघत होता कोण जाणे. मनगटावर तीन काटे बसले तेव्हा भानावर आला. त्यानं अंड्यांच्या आणि कोवळ्या अळ्यांच्या दोन लाकडी चौकटी काढल्या, त्यांतल्या पोळ्याचे तुकडे केले आणि चार छोट्या, राणी नसलेल्या पेट्यांत बसवले. राणी नाही म्हटल्यावर तिथल्या माश्या सासूच्या अळ्यांतूनच नवी राणी वाढवणार होत्या. पिल्लं बाहेर पडायच्या बेतात असलेली एक चौकट भाचीनं केंद्रात नेली.

त्या चौकटीतून निघालेल्या माश्यांना तिनं सासूचा मध चाटूच दिला नाही. निव्वळ साखरेवर ठेवलं. विष दिल्यावर विसांतल्या नऊ जगल्या. बाकीच्यांहून जास्त, पण तेरा नव्हेत. म्हणजे अंगचे कामगार घराण्याचे, पण त्यांना कामाला जुंपणारी हाळी मधातून आणि परागातून येते, असा तिचा तर्क. साखरेत गोडी आहे, हाळी नाही. ताईला हे लगेच पटलं. घरचं जेवण ते घरचं जेवण, एवढं कळायला बाटल्या कशाला लागतात, म्हणाली.

राहिली पेटी. राणी मारून तिची मुलगी बसवली तर घराणं टिकलं असतं, आणि मुलगी बाहेरच्या गरीब नरांशी जुळली असती तर रागही उतरला असता. पण जुन्या कामकरी माश्या मरून नव्यांचं राज्य यायला आणखी सहा आठवडे हवे होते. ते मागायचे कुणाकडे, हे मामाला पक्कं ठाऊक होतं, आणि तो माणूस म्हणजे बागवाले नव्हेत.

फवारणीवाला दवाखान्यातून घरी येऊन खोलीत पडून होता. मानेवरचे डाग अजून दिसत होते. मामा खुर्चीच्या कडेवर बसला आणि त्यानं सगळं सरळ सांगून टाकलं: पेटी तुला चावली ते, वह्यांतलं, बाटल्यांतलं. माफी मागितली. मग म्हणाला, "तू नको म्हण, उद्या धुरी देतो. तुझ्या जिवापुढे काही नाही."

फवारणीवाला उशीला टेकून उठून बसला.

"बारा वर्षं हे मारतोय मी," तो म्हणाला. "घरी आलो की बायको दाराबाहेर कपडे काढायला लावते. आंघोळ होईस्तोवर मुलीला जवळ येऊ देत नाही. रात्री हात थरथरतात, ते मी कुणाला सांगत नाही. आणि त्या एवढ्याशा जिवाला हे फोडता येतं?"

"येतं. सगळ्यांना नाही. काही मरतातच."

"बघितलंत तुम्ही?"

"तेरा जिवंत बघितल्या."

"मग आईला काढा, मुलगी ठेवा," फवारणीवाला म्हणाला. "मी यापुढे संध्याकाळी मारेन, त्या घरात गेल्यावर. पण कुंपणाकडच्या दोन ओळींत मी पाय ठेवणार नाही. त्या मालकांना मारू देत."

बागवाल्यांनी आधी शिव्या दिल्या, मग वह्या बघितल्या, मग त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, असं असेल तर औषध जरा जड मारलं तरी चालेल की. भाची तिथेच होती. काका, दार लोखंडाचं केलं म्हणून कोणी घराला रोज आग लावून बघत नाही, ती म्हणाली. या माश्या या एका औषधाला टिकतात, आणि तेही एवढ्यालाच. औषध बदललं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि तुम्ही एक फेरी वाचावी म्हणून बुरशीचं औषध याच टाकीत कालवता ना, त्यानं त्या बारीक कामगारांचे हातच बांधले जातात. बागवाल्यांनी आणखी सहा आठवड्यांची मुदत दिली. टाकी पुढच्या वेळेपासून वेगवेगळी झाली.

ठरल्या दिवशी सकाळी मामानं सासूची राणी शोधली. तिला त्यानं तळहातावर घेतलं. राणीला काटा असतो, पण ती माणसाला सहसा मारत नाही. ती त्याच्या आयुष्यरेषेवरून चालत गेली आणि करंगळीशी थांबली. मामानं अंगठा आणि बोट जुळवलं. झालं. भाचीनं तो इवलासा देह स्पिरिटच्या कुपीत ठेवला. मामा कुंपणाला टेकून उभा राहिला. मग मामानं त्या चार छोट्या पेट्यांत वाढलेल्या एका मुलीचा छोटा पिंजरा त्या पोळ्यांत अडकवला आणि झाकण लावलं.

कुंपणाकडच्या दोन ओळी बागवाल्यांनी स्वतः मारल्या, जाळी, बूट, दोन रेनकोट आणि तोंडातल्या शिव्यांसकट.

तिसरा फवारा हंगामाच्या अखेरीला झाला. तोवर चारही मुलींच्या पेट्या भरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघंही कुंपणाशी आले: मामा, ताई, भाची, आणि जरा लांब उभा फवारणीवाला. मामा एकेका कापडापुढे बसत गेला. एका मुलीची पेटी स्वभावानं गाय, पण मेलेल्या माश्या सव्वा वाटी. तिनं आईचं काही घेतलंच नव्हतं. दुसरीच्या पाव वाटी, पण तिनं ताईला पाच पावलांवरूनच पळवून लावलं. ती आईची हुबेहूब नक्कल. तिसरी अर्धी. चौथी, जी आता सासूच्याच घरात नांदत होती, तिच्यापुढे वाटीचा तळ झाकला गेला नाही, आणि मामा जाळीशिवाय बसला असताना एक माशी त्याच्या भुवईवर बसली आणि पाय पुसून उडून गेली.

फवारणीवाला हळूहळू जवळ आला. गुडघ्यावर हात ठेवून तो वाकला आणि दाराकडे बघत राहिला. माश्या पायांना पराग लावून उतरत होत्या, एकामागून एक, त्याच्याच औषधाचा वास येणाऱ्या गवतावरून.

"आता हिला काय म्हणायचं?" ताईनं विचारलं.

"सून," भाची म्हणाली.

"अगं, दहा वर्षं थांब," ताई म्हणाली.

मामा हसला आणि उठला. गुडघे वाजले. पुढच्या वसंतासाठी राण्या मागवायचं पत्र त्यानं यंदा लिहिलं नव्हतं, आणि एकवीस पेट्यांत यंदा निम्मा मध ठेवायचा होता, म्हणजे रिकाम्या चौकटी पुष्कळ लागणार होत्या. शेडमध्ये गेल्या वर्षीच्या चौकटींची चळत पडली होती, मेणानं आणि डिंकानं माखलेली. त्यानं खुरपं शोधलं, वरची चौकट मांडीवर घेतली आणि कोपऱ्यापासून खरवडायला लागला.